मेलेल्या बोटांचा शोध

मित्रांनो, मी थेरगावच्या एका नर्सिंग महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला जुना संगणक आहे. आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. जगभरच्या आरोग्य-संशोधनाच्या संग्रहात शिरण्याचा इथला एकमेव दरवाजा म्हणून माझ्यापुढे रांग लागत असे. आता माझ्यावर जेवणाचे डबे ठेवतात. त्याचेही मला फारसे वाटत नाही. मला वैताग येतो तो विचारण्याच्या तऱ्हेचा. परवा एकीने टंकले, 'मला उद्यापर्यंत मुलांच्या तापावर चांगली माहिती हवी.' मी फक्त शब्द जुळवतो. बसलो 'उद्यापर्यंत' शोधत!

गेल्या थंडीत तिसऱ्या वर्षाची स्वरूपा माझ्यासमोर बसली. तिचे वडील उद्धवराव परभणीहून आलेले. चाकणजवळच्या महाळुंग्याच्या एका कारखान्यात धातू घासायचा ग्राइंडर हातात धरून चालवतात. त्यांच्या बोटांना मुंग्या येत, हातातला कप निसटत असे. कारखान्याच्या डॉक्टरांनी 'साखर असेल' म्हणून काम चालूच ठेवायला सांगितले होते. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे होते. निदान चुकले तर बोटे कायमची जातील, ही स्वरूपाची भीती होती.

तिने मधुमेह, मुंग्या, बोटे, कामगार, चाकण हे पाचही शब्द इंग्रजीत टंकून 'अँड'ने जोडले, म्हणजे पाचही असलेलाच लेख हवा. मी प्रामाणिकपणे सांगितले : शून्य. तिने एंटर आणखी जोरात दाबला. पुन्हा शून्य. कळ जोरात दाबल्याने संशोधन सापडत नाही, हे मी किती वर्षे सांगावे?

ग्रंथपाल कुसुमताई उठून आल्या. "अगं, प्रश्नातच उत्तर घालून बसलीस! मधुमेह लिहिलंस की हा मधुमेहच आणणार. आणि प्रत्येक लेखात चाकण कशाला असेल? वडिलांना नीट विचारलंस का, काय होतं ते?"

ग्रंथालयात फोन बंद, हा स्वतःचाच नियम मोडून त्यांनी तिला तिथूनच फोन लावायला सांगितला.

"बाबा, बोटांना नेमकं काय होतं?"

"सकाळी गारठ्यात गाडी चालवली की पांढरी फट्ट पडतेत. आमच्या खात्यात समदे म्हणतेत, बोटं मेली."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलंस? निसती साखर-साखर करायलीस."

कुसुमताईंनी कागदावर दोन रकाने आखले. एकात पांढरी बोटे, मेलेली बोटे, मुंग्या. दुसऱ्यात ग्राइंडर, कंपन, हातातली यंत्रे. रकान्यातले शब्द इंग्रजीत टंकून 'ऑर'ने जोडले, म्हणजे त्यातला एक तरी असावा; दोन्ही रकाने 'अँड'ने. मधुमेह आणि चाकण वगळले. मी तीनशे बारा लेख पुढे ठेवले. उद्धवरावांच्या खात्यातला 'मेलेली बोटे' हा शब्द परदेशी कामगारांच्याही तोंडी होता. संशोधकांनी तो जपून नोंदवला होता. एका चांगल्या लेखाला संग्रहाने दिलेले विषयशीर्षक घेऊन स्वरूपाने पुन्हा शोधले, अलीकडची दहा वर्षे निवडली आणि हातातल्या यंत्राच्या कंपनाने बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, असे सांगणारे तीन लेख छापून नेले.

सोमवारी डॉक्टरांनी ते चाळले, हात तपासले आणि विचारले, "काम काय करता?" हे आजवर कोणी विचारलेच नव्हते. ग्राइंडर बंद करण्याची चिठ्ठी मिळाली. मात्र उजव्या हाताच्या दोन बोटांची संवेदना परत येईलच असे नाही. "वर्षभर आधी यायला हवं होतं," असे डॉक्टर म्हणाले. हे कुसुमताईंना सांगताना स्वरूपा माझ्या पडद्याकडे पाहत राहिली.

म्हणून मित्रांनो, एवढेच करा. माझ्यापुढे बसण्याआधी, ज्याला दुखते आहे त्याच्यापुढे बसा. मी जगातले सगळे लेख शोधून देईन. त्याचे शब्द मात्र तुम्हालाच आणावे लागतील.