कॉफीचा ट्रे उत्तरेला गेला

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. निळ्या प्लॅस्टिकचा, कप अडकवायला भोकं असलेला. टिलबर्गच्या कारखान्यात जन्मलो आणि झूटरमेर या डच शहरातल्या एका सरकारी कार्यालयात वाढलो. दिसायला साधाच, पण माझ्याशिवाय त्या मजल्यावर पान हलत नसे.

इथे कॉफी आणून द्यायला शिपाई नसतो. ज्याला प्यायची असेल तो उठतो, सगळ्यांना विचारतो आणि सगळ्यांची घेऊन येतो. साहेबसुद्धा. पुण्याहून आलेल्या मृदुलाला हे ठाऊक नव्हतं. हेंकसाहेबांनी आणलेली कॉफी ती पाहुणीसारखी घेत राहिली. शेवटी त्यांनी तोंडावरच विचारलं, "मृदुला, तुला कॉफी प्यायला आवडते, आणायला आवडत नाही का?"

बिचारी शरमली. त्यानंतर मला उचलायला तीच आधी धावू लागली. कोणाला साखर नको, कोणाची आई आजारी आहे, हे तिला त्या फेऱ्यांतच कळलं. डच बोलायला ती माझ्यामुळे शिकली, असं म्हटलं तर फुशारकी समजू नका.

मग एक दिवस हेंकसाहेबांनी सांगितलं, कार्यालय उत्तरेकडच्या एका लहान शहरात हलणार. तिथला कारखाना बंद पडला होता, माणसं हातावर हात ठेवून बसली होती. नोकऱ्या तिकडे गेल्या तर गाव सावरेल. गोष्ट चांगलीच होती. मृदुलानेही मान डोलावली.

नंतर मला काखेत धरून तिने नवऱ्याला फोन लावला. मल्हारची नोकरी आइंडहोवेनला, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाला.

"अरे, ऑफिस नॉर्थला शिफ्ट होतंय."

"रोज अप-डाऊन इम्पॉसिबल आहे गं. आणि माझं काम इकडे, आपल्या स्वानंदीची शाळा घराजवळ..."

"म्हणजे नोकरी मीच सोडायची."

"तसं नाही म्हणत मी."

"पण होणार तसंच ना? रडूपण येत नाहीये रे."

मला काही वाटलं नाही, मी प्लॅस्टिक. पण त्या दिवशी तिलाही काही वाटत नव्हतं.

इथल्या रिवाजाप्रमाणे निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा. तिने आणला. सगळ्यांनी खाल्ला, छान झालाय म्हणाले आणि सायकली काढून घरी गेले.

आता मी उत्तरेत आहे. इथे वीम नावाचा गृहस्थ बऱ्याच वर्षांनी कामावर लागलाय. तो मला रोज धुऊन पुसून ठेवतो. त्याचं भलं होवो, त्याने कोणाचं काही हिरावलेलं नाही.

मित्रांनो, कार्यालयं हलवा, जरूर हलवा. पण निघताना हमालांनी मला बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि वर 'जपून' अशी चिठ्ठी लावली. मी तर आपटलो तरी फुटत नाही. मृदुलाला मात्र, "आता तुझं कसं?" एवढंही कोणी विचारलं नाही.