बकरपाया देव आणि लाल वायर

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस आणि हसू तर अजिबात नकोस, कारण सुरुवातीला हसू येईल आणि मग तुझं तुलाच कसंतरी होईल.

ती इस्मिनी माहितीये ना? ग्रीसहून आलेली, शेवटच्या बाकावर बसते, वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती. तिच्या आजोबांचा भाऊ म्हणजे म्हातारा थ्रासोस, ओपलचे रत्नखडे खणणारा. ती त्याला थिओ म्हणते, काका म्हणतात ना तसं. हे सगळं सुट्टीत घडलंय, शाळा उघडायच्या आधी.

तर थिओनं ठरवलेलं की पोरीला इंग्रजी आपणच शिकवायचं. आणि कसं शिकवायचं? तर गोष्टी सांगून. त्यांच्या जुन्या ग्रीक देवांच्या, राक्षसांच्या.

"इंग्रजीत अवघड असं काय आहे गं? निम्मे शब्द आपलेच आहेत. इंग्रजांनी आपल्या देवळांचे कोरीव दगड उचलून नेले, तसे शब्दही नेले. परत दिले नाहीत एवढंच."

म्हणजे बघ, टँटलस नावाचा राजा हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, प्यायला वाकला की पाणी खाली जायचं. त्यावरून टँटलाइज. समोर दाखवायचं आणि हाताला लागू द्यायचं नाही. एको नावाची परी झुरून झुरून संपली, नुसता आवाज उरला. त्यावरून एको. असं रोज. आणि थिया एव्दोक्सिया, म्हणजे त्याची बायको, कपाळाला हात लावून बसायची.

"अहो, पोरीला आधी मीठ मागायला शिकवा! परवा दुकानात जाऊन नेक्टर, ते देवांचं पेय, द्या म्हणाली."

"मग? दिलं ना?"

"जर्दाळूच्या रसाचा डबा दिला. तिला दूध हवं होतं!"

हस, आत्ता हस. पुढे जागा नाहीये.

थिओचं त्याच्या भागीदाराशी भांडण झालेलं. मग वर बादली ओढणाऱ्या रहाटाच्या इंजिनापाशी उभं राहायला माणूस नाही, म्हणून तो इस्मिनीलाच मैदानावर न्यायला लागला. आपलं मैदान तुला ठाऊकच आहे. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या मातीचे ढीग, सगळे सारखे, आणि प्रत्येक ढिगाच्या बाजूला एक उघडं भोक. ती बिचारी सपाट शेतांच्या गावातली. पहिल्याच दिवशी तिनं ती पाटी पाहिली, मागे चालू नका वाली, त्यात तो माणूस उलटा खाली पडतोय. त्या रात्री म्हणे तिला झोपच लागली नाही.

थिओचे नियम दोन. वायर, हत्यारं, सगळं गुंडाळून घरी न्यायचं, मैदानावर खूण ठेवायची नाही. आणि दुसरा, मेलो तरी रेडिओवर जागा सांगायची नाही. कारण रेडिओ सगळं गाव ऐकतं, आणि कुणाला रंग, म्हणजे ओपल, लागलाय असा वास आला की चोर येतात आणि रात्रीत भिंत खरवडून नेतात. त्यातून शेजारच्या खाणपट्ट्यावर तो मिलुटिन, सर्बियाचा. थिओ त्याचं नाव घेतलं की थुंकायचाच. "बारा वर्षांपूर्वी माझी भिंत त्यानंच खाल्ली." पुरावा? काही नाही. पण थुंकायचा.

आणि नेमका त्याच आठवड्यात थिओला रंग लागलेला. तिला बादलीत बसवून खाली सोडलं, मागोमाग स्वतः शिडीनं उतरला, बॅटरी मारून दाखवलं. भिंतीत हातभर रुंद पट्टा, हिरवा, निळा, मध्येच निखाऱ्यासारखा लाल. थिओ कुजबुजत म्हणाला, "हा तुझा. तुझी शाळा, तुझं कॉलेज, सगळं ह्यात आहे. कुणाला बोलायचं नाही."

शनिवार होता. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चामडी चिकटेल. थिओ शिडीनं खाली उतरत होता आणि उतरता उतरताच शिकवणी चालू. शाफ्टमधून, म्हणजे त्या भोकातून, त्याचा आवाज वर यायचा, मोठा, घुमत.

"पॅन कोण?"

"बकरीच्या पायांचा देव."

"दुपारी काय करतो?"

"झोपतो. कुणी उठवलं तर असा ओरडतो की मेंढरं सैरावैरा पळतात."

"त्यावरून शब्द?"

"पॅ—"

तेवढ्यात शिडीची पायरी मोडल्यासारखा कड्कन आवाज झाला. मग काहीतरी खरवडत गेलं. मग धप्प. आणि मग काहीच नाही.

इस्मिनी म्हणते, ते काहीच नाही सगळ्यात वाईट होतं. ती पोटावर झोपून काठावरून खाली बघत होती आणि उन्हातून बघताना खाली नुसता काळोख. "थिओ!" म्हणून ओरडली तर तिचाच आवाज परत आला. थिओ, थिओ, थिओ. एकोची गोष्ट तिला काय गोड वाटायची, आता अंगावर काटा आला.

मग खालून कण्हण्याचा आवाज आला. "पाय… पोरी, पाय गेला. हाड बाहेर आलंय."

"बादली सोडते!"

"बादलीत बसायला उठता तरी यायला हवं ना, गाढवे."

शिवी दिली म्हणून तिला जरा बरं वाटलं. पण मग तो म्हणाला, "रक्त थांबत नाहीये," आणि हे एवढ्या हळू म्हणाला की तिला जेमतेम ऐकू आलं. ट्रकची किल्ली थिओच्या खिशात, खाली. तिला चालवता येत नाही ते वेगळंच. फोनला तिथे रेंज नाही. राहिला रेडिओ.

तिनं रेडिओचं बटण दाबलं. "हॅलो? हॅलो?" नुसती खरखर. भर दुपारी सगळे जमिनीखाली, तिथं कुठला ऐकू येतोय रेडिओ! आणि तेवढ्यात कुणीतरी तोंडात घास असल्यासारखं बोललं. तुला कळलंच असेल कोण. मिलुटिन. तो एकटाच दुपारी वर येऊन ट्रकमध्ये जेवतो.

खालून थिओनं आवाज ओळखला. अंगात कुठून जोर आला देव जाणे. "त्याला नको! इस्मिनी! त्याला सांगायचं नाही! संध्याकाळी थिया शोधत येईल!"

"थिओ, तोपर्यंत तू—"

"नको म्हणतो ना! तो भिंत बघेल! शपथ आहे माझी!"

आता बघ हां. एका हातात रेडिओ, त्यात तो माणूस, "कोण? कोण बोलतं?" करतोय. खाली म्हातारा शपथ घालतोय. आणि डोक्यावर ते ऊन, आणि एवढ्या मोठ्या मैदानात एक पाखरू ओरडत नाही. तिनं बटण सोडलं. खरंच सोडलं. शपथ होती ना. ती नुसती उभी राहिली, एवढ्या उन्हात.

"थिओ?"

उत्तर नाही.

"थिओ, शिव्या दे ना. काहीतरी बोल."

काही नाही.

आणि तिथे तिचं सगळं सुटलं. तिला वाटलं मागच्या ढिगाआड कुणीतरी उठून बसलंय, खूर आपटतंय, आत्ता ओरडेल आणि आपण आंधळ्यासारखं धावत सुटू आणि कुठल्यातरी भोकात जाऊ. पॅनिक हा शब्द तिला महिनाभर पाठ होता. अर्थ आत्ता कळला.

तिनं बटण दाबलं. पण बोलणार काय? पडला, भोक, पाय, रक्त, यातला एक शब्द तिला इंग्रजीत येत नव्हता! तिला येत होते ते सगळे भारी भारी.

"माय अंकल," ती ओरडली. "माय अंकल इकारस!" पंख वितळून आभाळातून पडला ना, तो.

"काय इकारस? विमान पडलं?"

"नो! हेडीस! अंकल हेडीस! कॅटॅस्ट्रॉफी!" हेडीस म्हणजे पाताळ, कॅटॅस्ट्रॉफी म्हणजे अनर्थ.

"ए पोरी, खेळ नको इथे. कामाचा रेडिओ आहे."

तो ठेवणार होता बघ. तिला ते आवाजात कळलं. आणि तो आला जरी असता तरी तिला सांगता कुठे येणार होतं कुठे ते? पट्टा शेजारचा असला तरी थिओचं भोक कुठलं ते त्याला थोडंच ठाऊक, हजार ढीग, सगळे सारखे. ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "लॅबरिंथ. प्लीज. लॅबरिंथ. एरियाडनी."

पलीकडे शांत झालं. घास गिळल्याचा आवाज आला म्हणे.

मग तो त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत हळू म्हणाला, "एरियाडनी… धागा? तू धागा?" लॅबरिंथ म्हणजे भुलभुलैया, आणि त्यातून बाहेर यायला धागा देणारी ती एरियाडनी; त्यांच्या शाळेतही ती गोष्ट असणारच ना. "थ्रेड" शब्द तिला थिओनं त्याच गोष्टीत शिकवलेला.

"येस! थ्रेड! थ्रेड!"

"धागा रस्त्यापर्यंत कर. मी येतो. थ्रासोसची पोर ना तू? येतो."

ट्रकमध्ये सुरुंग उडवायच्या लाल वायरीचं रीळ होतं. तिनं एक टोक रहाटाच्या पायाला बांधलं आणि निघाली. लांब नव्हतं गं, आपण हसत हसत गेलो असतो. पण आपण इथे वाढलो. ती प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी पायानं माती दाबून बघत होती. वायर मागे सोडायची पण मागे चालायचं नाही, मागे वळूनही बघायचं नाही. ऊन मातीवरून उलटं डोळ्यात येत होतं. एका ठिकाणी तिच्या बुटाखालून दगड घरंगळला आणि दिसेनासा झाला. ती वाट बघत राहिली. किती वेळानं खाली टप्प झालं. तिनं समोर पाहिलं तर भोक तिच्या अंगठ्याशी होतं. ती तिथेच खाली बसली आणि ढिगाला वळसा घालून रांगत रांगत गेली, रस्त्यापर्यंत.

मिलुटिन आला. दाढीत पावाचा चुरा अजून तसाच. त्यानं काही विचारलं नाही, वायर मुठीत धरली आणि वायरीच्या मागोमाग जवळजवळ धावतच सुटला. शाफ्टपाशी येऊन खाली डोकावला, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि बादलीत पाय टाकला. तिला इंजिन दाखवलं. "तू. हळू."

तिनं त्याला खाली सोडलं. मग कितीतरी वेळ काही नाही. आणि तिच्या डोक्यात काय आलं सांगू? तिला स्वतःचीच लाज वाटली, पण आलं. हा खाली काय करतोय? थिओला बघतोय की भिंतीला बघतोय?

मग दोरी दोनदा हिसकली. तिनं इंजिन चालू केलं. दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, सुटला असता तर संपलंच. थिओ वर आला. मिलुटिनच्या पट्ट्यानं बादलीला बांधलेला, मिलुटिनचा शर्ट मांडीला करकचून आवळलेला, तोंड मातीसारखं. श्वास होता. तिनं कान लावून बघितला.

बादली परत खाली सोडली. "थांब!" मिलुटिन खालून ओरडला. परत थांबली. परत तेच डोक्यात. मग तो आला, उघड्या अंगानं, हातात थिओचा चष्मा. काच शाबूत होती.

"म्हातारा चष्म्याशिवाय बोंब मारेल," तो म्हणाला. भिंतीबद्दल एक अक्षर नाही.

त्याच्याच ट्रकमधून त्यांनी थिओला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत राहिला असता तर राहिला नसता.

दोन दिवस थिओ गुंगीत. थिया बाजूला बसून कोंबडीच्या सुपात लिंबू पिळत होती, रडत होती, परत पिळत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, इस्मिनीकडे पाहिलं आणि पहिला शब्द काय बोलला असेल?

"वायर गुंडाळलीस?"

गं बाई! त्या गोंधळात वायर तशीच राहिलेली. रस्त्यापासून थेट शाफ्टपर्यंत, लालभडक, पांढऱ्या मातीवर. कुणीही यावं आणि ती धरून चालत सुटावं.

ती आणि थिया तशाच धावल्या. वायर होती तिथेच होती. बाजूला चाकांचे ठसे, एका गाडीचे नाही, बऱ्याच. थियानं इंजिन धरलं आणि इस्मिनी बॅटरी घेऊन खाली गेली. एकटी. थिओचं रक्त वाळून काळं झालेलं, ते ओलांडलं. भिंतीवर बॅटरी मारली.

हिरवा नाही, निळा नाही. छिन्नीच्या खुणा आणि हातभर खोल खळगा. साफ.

मिलुटिननं नेलं? की त्या वायरीवरून आणखी कुणी आलं? कुणाला माहीत. मिलुटिन दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात कलिंगड घेऊन आलेला, थिओ झोपलेला म्हणून दारातच ठेवून गेला. चोर कलिंगड आणेल? की चोरच आणेल? मला तर काही सुचत नाही.

संध्याकाळी ती थिओसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं, वायरीचंही. थिओनं तोंड छताकडे फिरवलं. मग म्हणाला, "मी नको म्हटलं होतं. शपथ घातली होती. का सांगितलंस?"

तिला बोलता येईना. ग्रीकमध्ये येईना आणि इंग्रजीत तर नाहीच. आणि अजून, रोज दुपारी ऊन चढलं की ती कानावर हात ठेवून बसते.

तूच सांग आता. हातात रेडिओ, वर कुणी नाही, खालून म्हातारा नको नको म्हणत होता आणि मग एकदम गप्प झाला. तू काय केलं असतंस?