कोऱ्या चहावरची तालीम

हिंदुराव जगदाळ्यांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडे. तो म्हणजे 'येस'. भोसरीच्या कंपनीत टूलरूममध्ये लागल्यापासून या एका शब्दावर त्यांनी निभावून नेलं होतं. मोठे साहेब इंग्रजीत काही बोलले की हिंदुराव मान डोलावून 'येस सर' म्हणत आणि मग काय म्हणाले ते शेजारच्या लेथवरच्या अन्वरला विचारून घेत. काम चोख होत असे, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं.

त्र्याहत्तर सालच्या थंडीत कंपनीत अमेरिकेहून गिअर कापायचं नवं मशीन आलं आणि त्याच्या मागोमाग ते बसवून द्यायला डॉयल नावाचा साहेब आला. नाव डॉयल आणि डोक्यावर केस म्हणाल तर एक नाही. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा 'डोईसाहेब' करून टाकला. माणूस मात्र दिलदार. स्वतः मशीनखाली आडवा होई, कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर बसे आणि मिरची लागली की डोईपर्यंत लाल होई. मदतीला त्याला हिंदुराव दिले होते. दोघांचं हातांच्या खुणांवर उत्तम जमलं.

एकदा जेवताना डोईसाहेब उदास होऊन बोलत बसला. आपलं गाव, आपली बायको, संध्याकाळी घराच्या ओसरीवर बसणं, असं काहीसं चाललं असावं. शेवटी त्याने हिंदुरावांकडे पाहून काही विचारलं. त्यातले 'होम' आणि 'ओल्ड फॅशन्ड' एवढेच शब्द त्यांच्या हाती लागले.

अन्वर त्या दिवशी रजेवर होता. हिंदुरावांनी छाती पुढे काढली.

"येस सर. माय होम फुल ओल्ड फॅशन. माय वाइफ ऑल्सो."

डोईसाहेबाचे डोळे चमकले. "युवर वाइफ?"

"येस सर. माय मदर, व्हेरी व्हेरी ओल्ड फॅशन."

साहेबाने त्यांचा हात धरून गदागदा हलवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने हिंदुरावांना गेस्ट हाउसवर बोलावलं, ट्रंकेतून एक सीलबंद बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि "संडे, युवर होम" म्हणाला. हिंदुरावांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

कोड्याचा उलगडा त्याच संध्याकाळी टूलरूममध्ये अन्वरने केला. सगळं ऐकून त्याने हातातला फडका तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हिंदुराव, ओल्ड फॅशन्ड हे दारूचं नाव आहे. त्यात साखर घालतात, अजून काय काय घालतात. साहेबाने विचारलं, घरी बनवता का. तुम्ही म्हणालात, मी बनवतो, बायको बनवते आणि आई तर फारच बनवते."

"तुला कोणी सांगितलं?"

"माझे चाचा देहूरोडच्या लष्करी मेसमध्ये बेअरा होते. उभी हयात साहेबलोकांना हेच बनवून देण्यात गेली."

हिंदुराव स्टुलावर बसले. त्यांनी आजवर दारूचा थेंब घेतला नव्हता. तरुणपणी खटाव तालुक्यात तालमीत घुमत असताना वस्तादांनी मारुतीसमोर शपथ घातली होती. पुढे कुस्ती सुटली, पोट पुढे आलं, तालमीतलं काहीच अंगावर उरलं नाही. शपथ तेवढी टिकली होती.

बाटली त्यांनी पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली दडवून चिंचवडला घरी आणली. परमीट असल्याशिवाय बाटली जवळ बाळगायची सोय नव्हती, त्यामुळे वाटेत प्रत्येक खाकी कपडा त्यांना पोलिसाचा वाटला. एका पोस्टमनला तर त्यांनी नमस्कार घातला.

कस्तुराने मेथी काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला लागली ती बाटली चुलीपुढे उजेडात धरली.

"ह्ये काय?"

"बर्बन हाय."

"बिस्किटं बाटलीत कवापासनं यायला लागली?"

"बिस्किट न्हवं. मक्याची दारू हाय, अमेरिकेची. रविवारी डोईसाहेब यायचाय. त्याला ह्याचं एक सरबतासारखं करून द्यायचंय."

"कोन देणार?"

"आपण."

मग हिंदुरावांनी खरं ते सांगून टाकलं. कस्तुरा शांतपणे ऐकत मेथी निवडत राहिली. आईच्या उल्लेखापाशी मात्र तिचा हात थांबला.

"म्हंजे आत्याबाई दारू गाळत्यात असं तुमी परदेशात कळवलंत?"

"परदेशात न्हाई, कॅन्टीनात."

"त्यांच्या कानावर गेलं तर काठी घेऊन गावाकडनं चालत येतील," ती म्हणाली. पदराआड हसू मावेना तेव्हा तिने तोंड चुलीकडे फिरवलं. "साहेबाला सांगा की, मला कळलं न्हवतं म्हणून."

ते तेवढं हिंदुरावांना जमणारं नव्हतं. इतक्या वर्षांचं 'येस' एका दिवसात उघडं पडलं असतं.

शेवटी अन्वर आपल्या चाचांना घेऊन आला आणि त्यांना सोडून पाळीवर गेला. मीरासाहेब सडसडीत, ताठ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी टेबल नाही हे पाहिलं, पेले स्टीलचे आहेत हे पाहिलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"बेटी, काचेचे ग्लास पाहिजेत. बुडाला जड. बर्फ पाहिजे, मोठा तुकडा, चुरा नाही. संत्रं पाहिजे. साखर तर आहेच. आणि एक कडू अर्क असतो. छोटी बाटली, तिच्यावरचा कागद बाटलीपेक्षा मोठा."

"त्यो कुठं मिळतो?"

"मेसमध्ये मिळायचा."

"चव कशी असती?"

मीरासाहेबांनी भुवया उंचावल्या. "ते मला कसं ठाऊक असणार? मी आयुष्यात प्यालो नाही. साहेबलोक म्हणायचे, कडू आहे, गरम मसाल्याचा वास आहे."

म्हणजे त्या खोलीत दारू करायला बसलेल्या तिघांपैकी एकानेही ती चाखलेली नव्हती. कस्तुराने डबे धुंडाळून काडेचिराईत काढलं, चार लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घातला, संत्र्याची साल टाकली आणि काढा आटवायला ठेवला. तापाला हेच देतात, मग साहेबाला काय होणार आहे, असा तिचा हिशेब होता.

सीलबंद बाटली सरावासाठी फोडायला हिंदुराव तयार होईनात. म्हणून तालीम झाली कोऱ्या चहावर. रंग बरोबर तसाच. मीरासाहेब दाखवू लागले: आधी ग्लासात साखर, तिच्यावर कडू अर्काचे दोन थेंब, चमचाभर पाणी, मग घोटायचं. साखर पुरती विरघळेना. कस्तुरा म्हणाली, गार पाण्यात साखर अशीच बसायची, त्यापेक्षा मी पाकच करून ठेवते. मीरासाहेबांनी थोडा विचार केला आणि मेसच्या वतीने परवानगी दिल्यासारखी मान हलवली. पाकानंतर दारू, म्हणजे चहा. त्यानंतर बर्फ, आणि सावकाश ढवळायचं, वाजवायचं नाही. शेवटी संत्र्याच्या सालीचा पट्टा ग्लासावर पिळायचा, म्हणजे सालीतलं तेल वर उडतं.

हिंदुरावांनी साल पिळली ती मीरासाहेबांच्या डोळ्यात गेली.

"पैलवान," डोळा चोळत ते म्हणाले, "साल आहे. मान नाही."

रविवारी सकाळी हिंदुराव पिंपरीच्या बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर लादीचा तुकडा घेऊन आले. वर गोणपाट, त्यात लाकडाचा भुसा. घरी पोचेपर्यंत तो निम्मा झाला होता आणि त्यांची विजार पूर्ण भिजली होती. शेजारच्या सुभद्राबाईंकडून फुलांच्या नक्षीचे काचेचे ग्लास आले. कशाला हवेत असं त्यांनी विचारलं तेव्हा कस्तुरा म्हणाली, सरबताला. सुभद्राबाईंनी दुपारपासून आपली खिडकी उघडी ठेवली.

डोईसाहेब संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून आला. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि खुर्ची असूनही सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न केला. तो न जमल्यावर खुर्चीवर बसला. मीरासाहेब पांढरा कोट घालून, हातावर घडी केलेला नॅपकिन टाकून त्याच्या मागे उभे राहिले. असा कडक बेअरा या घरात कुठून आला हे साहेबाला कळेना. कांदाभजी आली. मग हिंदुरावांनी सील फोडलं.

पाक बरोबर पडला. काढ्याचे थेंब टाकायच्या वेळी साहेबाने सहज मान पुढे करून पाहिलं आणि घाबरून हिंदुरावांच्या हातून चमचाभर काढा ग्लासात गेला. मीरासाहेबांनी डोळे मिटून घेतले. पण आता थांबायचं कसं? दारू, बर्फ, साल, सगळं रीतसर झालं.

डोईसाहेबाने घोट घेतला. डोईपर्यंत लाली चढत गेली. डोळ्यांत पाणी आलं. त्याने मोठ्या सभ्यपणाने घोट गिळला, ग्लास खाली ठेवला आणि हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" हिंदुरावांनी मागे वळून विचारलं.

"म्हणतात, हे कशावरचं औषध आहे," मीरासाहेब म्हणाले.

पडद्याआडून कस्तुराचा खुदकन आवाज आला. त्या आवाजाने हिंदुरावांच्या मनातली गाठ कशी कोण जाणे सैल झाली. ते खाली बसले.

"चाचा, सांगा त्यांना. मी दारू पीत न्हाई. माझी बायको पीत न्हाई. आई तर वासानं उठून जाईल. मला त्यांचं बोलणं त्या दिवशी कळलंच न्हवतं. मला कधीच काही कळत न्हाई. मी नुसतं येस म्हणतो."

मीरासाहेबांनी हे सगळं मेसच्या इंग्रजीत घातलं. त्यात आई कुठे बसली कोण जाणे, पण साहेब आधी गोंधळला, मग समजला आणि मग खुर्चीवरून पडेल इतका हसला. हसता हसता हिंदुरावांच्या खांद्यावर थापा मारू लागला. ते मशीन बसवताना आपणही त्यांच्या मराठीला नुसतंच 'हो हो' म्हणत आलो, असं त्याने चाचांमार्फत कळवलं. गेल्या आठवड्यात चुकीचा बोल्ट त्यामुळेच कापला गेला.

मग तो बाह्या सावरून स्वयंपाकघरात गेला. कस्तुरा बाजूला सरकली, पण लक्ष ठेवून उभी राहिली. त्याने पाक बोटाने चाखून मान डोलावली. काढ्याची वाटी हुंगली, हसला आणि आपल्या हाताने त्यातले मोजून दोन थेंब टाकले. बर्बन, बर्फ, सावकाश ढवळणं. साल अशी पिळली की खोलीभर संत्र्याचा वास पसरला. घोट घेतला आणि या खेपेला त्याने डोळे मिटले ते चवीने.

ग्लास त्याने हिंदुरावांपुढे धरला. हिंदुरावांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"मला कुनी वस्ताद न्हवता," कस्तुरा म्हणाली. चहाचा चमचा घेऊन तिने ग्लासातला एक चमचा उचलला आणि तोंडात घातला. हिंदुराव बघत राहिले. तिने जीभ टाळ्याला लावली.

"काकवीत कुनीतरी जळकं लाकूड बुडवलंय," ती म्हणाली. "पण वाईट न्हाई. दोन थेंबच पुरे व्हते, आपला चमचा नडला."

साहेब परत बाहेर आला तेव्हा मीरासाहेब आपल्या जागी, खुर्चीमागे उभेच होते. त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि बसा म्हणून खूण केली. मीरासाहेब मान हलवून एक पाऊल मागे सरले. "साहेब बसलेले असताना नाही," ते मराठीतच पुटपुटले. साहेबाला शब्द कळले नसतील, पण पाऊल कळलं. तो स्वतःच उठून उभा राहिला आणि बसेना. दोघं असे समोरासमोर उभे. बर्फ विरघळत चालला.

"चाचा, बसा आता," कस्तुरा म्हणाली. "न्हाईतर भजी गार व्हतील."

मीरासाहेबांनी हातावरचा नॅपकिन काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि तिच्या कडेवर टेकून बसले. कस्तुराने त्यांच्यासाठी संत्र्याचं सरबत केलं, त्याच नक्षीच्या ग्लासात, मोठा बर्फ घालून. वर सालीचा पट्टासुद्धा पिळला. साहेबाने ग्लास उंचावला. मीरासाहेबांनीही आपला उंचावला. मग ते अगदी हळू "चिअर्स" म्हणाले आणि लगेच खाली बघू लागले.

डोईसाहेबाचं काम फेब्रुवारीत संपलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने हिंदुरावांना काही विचारलं. 'येस' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून हिंदुराव म्हणाले, "नॉट अंडरस्टँड, सर. अगेन." साहेबाने सावकाश, हात हलवून पुन्हा विचारलं: मला पोचवायला पुणे स्टेशनवर याल का? त्यावर हिंदुरावांनी जे 'येस' म्हटलं ते समजून उमजून.

हिंदुराव, कस्तुरा आणि चाचा, तिघंही गेली. कस्तुराने वाटेसाठी भजी दिली होती. गाडी सुटेपर्यंत साहेब खिडकीत भजी खात हात हलवत होता. परतीच्या बसमध्ये खडकी मागे पडल्यावर कस्तुराने विचारलं, "चाचा, इतकी वर्षं लोकांना वतून दिलीत. कधी नुसता वास तरी घेतलात का न्हाई?"

मीरासाहेबांनी खिडकीबाहेर बघत दाढीवरून हात फिरवला.

"रोज घेतला, बेटी. वासाला कुठे मनाई आहे?"