फुल टाकी

"ताई, हा कोट माझ्याआधी कोणीतरी ते वासाचं दुरियन फळ खाऊन घातलाय. खरंच लाह," एकता सुलेखाच्या कानाशी कुरकुरली.

"नाक गोठलं की वास जातो. दोन मिनिटं कळ काढ," म्हणत सुलेखानं शीतखोलीचं जाडजूड दार ओढून घेतलं.

बाहेर सिंगापुरात, चांगीला बत्तीस अंश, आत उणे बत्तीस. मधे फक्त एक दार. टॅम्पिनीसहून चपला फटफटवत आलेली माणसं इथे आत शिरताना अस्वलं होत.

खोलीच्या मधोमध मंगोलियातल्या खाणीवर निघालेला ट्रक उभा होता. त्याला थंडीत टिकेल असं सजवायचं काम उल्हास सरांच्या कंपनीकडे होतं, आणि परीक्षा घ्यायचं सुलेखाकडे. रात्रभर गारठवलेला ट्रक सकाळी तीन प्रयत्नांत सुरू झाला आणि चालत राहिला, तर पास. तो पास झाला की मागचे चाळीस ट्रकही आपलेच.

दोन प्रयत्न झाले होते. दोन्ही वेळा इंजिन खोकलं, जरा धडधडलं, आणि थंडीत अंथरुणातून उठवलेल्या माणसासारखं पुन्हा आडवं झालं.

"बॅटरी बघा," उल्हास सर म्हणाले.

बॅटरी बघितली. ठणठणीत होती, वर तिला गरम दुलई गुंडाळलेली. मग हीटर बघितले. मग ऑइल बघितलं. मग पुन्हा बॅटरी बघितली.

डिझेलच्या फिल्टरखालच्या काचेच्या वाटीकडे मात्र कोणी बघत नव्हतं. म्हणजे प्रत्येकानं एकदा बघितलं होतं आणि मान फिरवली होती. वाटी पांढरीफट्ट होती. सुलेखाला नाशिकची थंडी आठवली. खोबरेल तेलाची बाटली अशीच थिजायची आणि आई ती उन्हात ठेवायची. सिंगापुरात वाढलेल्या एकतानं थिजलेलं तेल जन्मात पाहिलं नव्हतं, पण डिझेल थिजलंय हे तिलाही कळलं होतं. हिवाळ्यात न थिजणारं डिझेल मुद्दाम मागवलं होतं आणि त्याचे ड्रम बाहेर शेडमध्ये रांगेनं उभे होते, एकाचंही सील न तुटलेले.

कारण टाकी उल्हास सरांनी भरली होती.

तीस वर्षांचा रिवाज होता तो. कंपनीतून निघणारी प्रत्येक गाडी सर स्वतः तोआ पायोहच्या त्यांच्या ठरलेल्या पंपावर न्यायचे, टाकी फुल करायचे, हळदकुंकू वाहायचे. "लेकरू परीक्षेला चाललंय, उपाशी कसं पाठवायचं?" इतकी वर्षं गाड्या मासळीच्या होत्या, बेटाबाहेर न जाणाऱ्या. तेव्हा कसलं डिझेल आणि कसलं काय. बर्फाचं काम कंपनीला मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. परवा सुलेखा रजेवर असताना त्यांनी याही लेकराला पोटभर जेवू घातलं. बंपरवरचं लिंबू आता गोटी झालं होतं.

आणि आज सरांचा नोकरीतला शेवटचा दिवस. दुपारी केक होता. नुसत्या डिप्लोमावर आलेल्या सुलेखाला याच माणसानं कामावर घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं एक व्हॅन भिंतीला लावली, तर म्हणाले होते, "भिंतच पुढे आली असेल." अशा माणसाला काय सांगायचं?

खाणीकडून आलेल्या बोलोरमाबाई कोपऱ्यात नुसत्या स्वेटरवर उभ्या राहून नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खात होत्या. त्यांच्या गावी हा उन्हाळा. त्यांनी वाटी पाहिली, मग छत पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "बॅटरी फार सुंदर आहे."

"पाहुण्यासुद्धा वाटीचं नाव घेत नाहीत," एकता पुटपुटली.

सुलेखानं हातातला रिपोर्ट पाहिला. तिसरा प्रयत्न फसला की नापास, मग कारण काहीही असो. तिसऱ्याच्या आधी थांबून चूक लिहिली, कोणाची तेही लिहिलं, तर टाकी उपसून सोमवारी पहिल्यापासून परीक्षा. खाली सही तिची. आणि सोमवारपासून सरांच्या खुर्चीतही तीच बसणार होती.

"चला," सरांनी हातमोजे चोळले. त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "जाताना याचा आवाज ऐकून जाईन म्हणतो. मार किल्ली. पोट भरलंय त्याचं, आता घेईल बघ."

सुलेखा चढून बसली. किल्लीला हात लावला. मग ती काढून कोटाच्या खिशात टाकली आणि खाली उतरली.

"सर, पोटच बिघडलंय त्याचं. तुम्ही पंपावरचं डिझेल भरलंत. थंडीचं बाहेर ड्रममध्येच आहे. ते सगळं मी तुमच्या नावासकट रिपोर्टात लिहिणार आहे. आणि सोमवारी तुम्ही पाहुणे म्हणून यायचं, आवाज ऐकायला."

बोलोरमाबाईंचा टोस्ट तोंडाशीच थांबला. उल्हास सर वाकले, त्यांनी चष्मा पुसला आणि वाटीत बराच वेळ बघितलं.

"खोबरेल गं," ते म्हणाले, आणि त्यांच्या हसण्याची वाफ सगळ्या खोलीभर झाली. "अगदी खोबरेल."