राबात उतरलेली वहाण

मी कोंडाजीची डावी वहाण बोलतेय. हसू नका, पायाशी राहणाऱ्यालाच पायाचं दुःख आधी कळतं.

बोरघाटातून आगगाडी सुरू झाली त्या सुमारास खालापूरच्या पोशा चांभाराने मला आणि माझ्या उजव्या बहिणीला म्हशीच्या जाड कातड्यातून शिवलं. आम्हाला करकर वाजवत कोंडाजी कर्जतच्या बाजारात मिरवायचा. शेताच्या बांधावर मात्र आम्ही पायांतून उतरायचो. जमीन म्हणजे आई, तिच्या अंगावर वहाणा घालून कोण जाईल? ही रीत मलाही पटलेली होती.

पुढे कोंडाजीला मधुमेह जडला. तहान भागेना, अंग वाळलं, पाय बधिर झाले. मी वाटेत निसटले तरी त्याला पत्ता नसे, तसाच पुढे जाई! कर्जतच्या आबाजी वैद्यांनी बजावलं, "कोंडाजी, तुझ्या पायाला आता दुखणं कळत नाही. अनवाणी फिरू नकोस, रोज तळवे बघत जा." कोंडाजीने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

उन्हाळ्यात राब भाजला. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण आणि पाला जाळतात, तो राब. कोंडाजी मला बांधावर सोडून गरम राखेत शिरला. पायाखाली निखारा आला, तरी गडी आपला काठीने राख सारखी करतोय! वहाणेला हाक मारता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सारवलेल्या ओटीवर त्याच्या भाजलेल्या पावलाचे ओले डाग बघून त्याची बायको भागूबाई किंचाळली. जखम चिघळली, करंगळी गेली. "पुन्हा असं झालं तर पाय जाईल," वैद्य म्हणाले. सगळा पावसाळा तिने त्याला तो पाय टेकू दिला नाही. कडुनिंबाचं पाणी कोमट झालंय का ते आधी आपल्या हाताने बघायची, जखम धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडा करायची, धुतलेलं मऊ फडकं बांधायची. लावणी शेजाऱ्यांनी उरकली.

दुसऱ्या वर्षी राब भाजला आणि कोंडाजी बांधावर पुन्हा मला काढायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या पायात," भागूबाई म्हणाली.

"येडी का काय गं? आयच्या अंगावर वहाणा?"

"आयला लेक लंगडा झालेला बघवंल व्हय? वहाणा काढायच्या असतील तर घरी चला. राखंत मी उतरते."

तिने कळशीतल्या पाण्याने आम्हा दोघींना धुतलं, पदराने पुसलं आणि जमिनीला हात जोडले. "आये, रागवायचं तर माज्यावर रागव." शेजारी फिदीफिदी हसले. कोंडाजी वहाणांसकट राबात उतरला.

संध्याकाळी तिने आधी त्याचे तळवे बघितले. धड होते. मग मला उलटं केलं. माझ्या तळाला निखाऱ्याने खोल भोक पाडलं होतं. त्यात बोट घालून ती रडू लागली.

"आरं देवा, हितं पाय असता!"

आता मी झिजलेय, माझा अंगठा तुटलाय. कोंडाजी अजून दोन्ही पायांवर चालतो. बाबांनो, पायाला कळत नसेल तर डोळ्यांनी बघा, आणि आम्हाला घालण्याआधी आत काटा-खडा नाही ना, ते हाताने चाचपा.

आई रुसली का म्हणाल, तर त्या वर्षी भाताची रोपं हातभर आली.