पोटात राहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, आधी कबुली देते, मग ओळख. एका भल्या माणसाचं मी मोठं नुकसान केलं आहे. तो माणूस परका नव्हता, त्यानेच मला घडवलं होतं. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दोन वीत लांब, एक वीत उंच, झाकणाला बोटभर फट आणि पुढे छोटंसं कुलूप. चित्रपटांवरचे अभिप्राय पोटात घेणं हे माझं काम होतं.

एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली होती. दर रविवारी दुपारी तिथे पंधरा-वीस माणसं जमत. खिडक्यांना काळा कागद लावत, भिंतीवर पांढरी चादर ताणत आणि चित्रपट बघत. चित्रपट तीनच जातींचे: भुताखेतांचे, जादूच्या दुनियेचे आणि अंतराळातल्या यानांचे. रडके कौटुंबिक चित्रपट तिथे वर्ज्य होते. ‘त्यासाठी घर आहेच,’ असं मंडळाचे प्रमुख, म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर म्हणत. बाहेरचे लोक या मंडळाला ‘भुतावळ’ म्हणून हिणवत, आणि मंडळींनी ते नाव हौसेने लावून घेतलं होतं.

सुरुवातीला ही मंडळी चित्रपट संपल्यावर तोंडीच मतं सांगत. पण एकदा भुताची सावली पडते की नाही यावरून दातांचे डॉक्टर आणि पोस्टमास्तर यांच्यात अशी जुंपली, की दोघे एकमेकांचं तोंड बघेनात. पोस्टमास्तरांची दाढ ठणकत होती, तरी महिनाभर ते लवंग चघळत बसले, पण डॉक्टरांची पायरी चढले नाहीत. तेव्हा कंपाउंडरनी तोडगा काढला. बोलायचं नाही, लिहायचं. सगळ्यांना एकाच मापाचे कागद, एकाच जातीच्या पेन्सिली, आणि खाली नाव घालायचं नाही. चहा झाला की चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. कुणी सही केलीच, तर ती चिठ्ठी न वाचता फाडून टाकायची. लिहायची सक्ती नव्हती, म्हणून चिठ्ठ्या मोजायची पद्धतही पडली नाही.

या चिठ्ठ्यांसाठी मला बनवलं ते मंडळातल्याच एका सुतारांनी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मिस्त्री मितभाषी होते. खुर्ची नेहमी मागची घेत, आणि चित्रपटात एखादं यान आलं की गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकत. त्यांनी मला चार दिवसांत उभी केली. कडा इतक्या गुळगुळीत घासल्या की कंपाउंडर आल्या-गेल्याला माझ्यावर हात फिरवायला लावत. पावसाळ्यात चिठ्ठ्यांना ओल लागू नये म्हणून मिस्त्रींनी मला दोन तळ दिले, एक बाहेरचा आणि त्याच्या वर दोन बोटं अंतर सोडून एक आतला. आतली फळी तेवढी थोडी ओली होती. वाळायला महिना लागला असता आणि मंडळींना घाई होती.

ते दिवस माझे फार सुखाचे गेले. चिठ्ठी पोटात पडली की मला ती वाचता येई. कशी, ते विचारू नका. पोटात गेलेल्या घासाचं पुढे काय होतं हे तुम्हाला तरी कुठे सांगता येतं? कुणाची चिठ्ठी आहे, हेही मला टाकण्यावरून कळे. डॉक्टर दिवसभर लोकांना घाबरवत, पण भुताचा चित्रपट असला की दाराजवळची खुर्ची धरत, आणि चिठ्ठीत लिहीत, ‘अजिबात भीती वाटली नाही.’ पोस्टमास्तरांना जादूचे चित्रपट आवडत, पण ते हिशेबी. ‘राक्षसाला सात डोकी होती, तलवारीने आठ उडवली,’ अशी त्यांची नोंद असे. आणि एक शाळेच्या बाई होत्या. त्यांचं मत सर्वांत कडक. त्या चिठ्ठी नीट घडी घालून टाकत आणि आत दोन ओळींत चित्रपटाची हजेरी घेत. त्यांनी कशाचं कौतुक केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

पण आतली ती फळी दर उन्हाळ्यात थोडी थोडी आकसत होती. फळी म्हणजे मीच, त्यामुळे आकसले ते मीच म्हणायला हवं. तिसऱ्या उन्हाळ्यात मागच्या बाजूला फट पडली. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं. त्यांनी आत बोट घालून पाहिलं आणि कंपाउंडरना म्हणाले, “फळी आकसलीय जरा. पुढच्या रविवारी पट्टी आणून मारतो.”

पुढच्या रविवारी मिस्त्री आले, पण पट्टी विसरून आले. त्यांच्या हातात एक व्हिडिओची टेप होती.

“एकांकडून मिळालीय. बारा मिनिटांचं आहे. बघा, दाखवण्यासारखं वाटलं तर,” ते म्हणाले.

मित्रांनो, तो चित्रपट मिस्त्रींनी स्वतः केला होता. दीड वर्ष ते सुट्टीच्या दिवशी आपल्या सुतारकामाच्या कारखान्याचं दार लावून घेत आणि मागून आणलेल्या कॅमेऱ्याने एकेक दृश्य टिपत. ‘आज लोकांना आवडला तर सांगून टाकणार, माझाच आहे म्हणून,’ असं ते घरून निघताना बायकोला सांगून आले होते. हे सगळं मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की माझ्या झाकणावर टेकलेला त्यांचा हात घामाने ओला आहे.

चित्रपटात एक यान होतं, त्यात एक म्हातारा दुरुस्तीवाला, ज्याचे फक्त हातच दिसत, आणि फळ्यांचा एक यंत्रमानव. वाटेत एक मोठं वादळ लागतं, आणि यान इतक्या लांबच्या ताऱ्याकडे निघालेलं असतं की म्हातारा वाटेतच मरतो. यंत्रमानवाला मरण म्हणजे काय ते शिकवलेलंच नसतं. तो रोज सकाळी खिडकी उघडतो आणि बाहेर काय दिसतं ते म्हाताऱ्याला सांगतो. बस, इतकंच. ताऱ्यांचा पाऊस म्हणून लाकडाचा भुसा वरून सोडला होता, आणि तो भुसा आहे हे कुणालाही कळत होतं.

दिवे लागले. मंडळी पेन्सिली सरसावून बसली. कुण्या हौशी पोरांनी केलेलं काहीतरी असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि नावगाव नसलेल्या माणसाला काहीही बोलायला कुणाचं काय जातं? चिठ्ठ्या भराभर पडल्या. एकीत होतं, ‘यानाला बाहेरून कडी आहे. आत शेळी बांधलीय का?’ दुसरीत, ‘यंत्रमानव चालतोय की कुणी कपाट सरकवतंय?’ तिसरीत, ‘या यानाला शत्रूपेक्षा वाळवीची भीती जास्त.’ त्या चिठ्ठ्या मी खुशाल पोटात घेतल्या. खरं सांगायचं तर मला मजाही वाटत होती, हे लपवत नाही.

सगळ्यांत शेवटी शाळेच्या बाई उठल्या. त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद बारीक घडी घालून माझ्यात टाकला. तो मागच्या भिंतीला घासत गेला आणि आकसलेल्या फळीच्या फटीतून खाली सरकला. दोन तळांच्या मधल्या पोकळीत जाऊन पडला. त्यात काय लिहिलं आहे ते मी त्याच क्षणी वाचलं, आणि घाबरले.

चहा झाला. कंपाउंडरनी कुलूप काढलं आणि मला उलटं करून हलवलं. वरच्या चिठ्ठ्या बाहेर पडल्या, पण बाईंची चिठ्ठी पोकळीत आडवी अडकून राहिली. मी जीव तोडून प्रयत्न केला असं म्हणायला मला आवडेल, पण लाकडाला कसला आलाय प्रयत्न? कंपाउंडरना नाटकाचं अंग होतं. त्यांनी शेळीची चिठ्ठी शेळीच्या आवाजात वाचली. खोली हसून हसून लोळली. डॉक्टरांना ठसका लागला. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसत होतं ठाऊक आहे? मिस्त्री. हसता हसता त्यांनी टेप यंत्रातून काढली आणि शर्टाच्या आत सारली.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्या कंपाउंडरच्या हातांकडे बघत होत्या. शेवटची चिठ्ठी झाली. “संपल्या,” कंपाउंडर म्हणाले. बाईंनी मान खाली घातली, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी एकदा विचारलं, “मिस्त्री दिसत नाहीत हल्ली?” कंपाउंडर म्हणाले, “त्यांचे गुडघे धरलेत म्हणे.” मी तिथेच होते, स्टुलावर. पोटात ती चिठ्ठी होती आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. लोक माझं कौतुक करत राहिले, पेटी काय मजबूत आहे म्हणत राहिले, आणि त्या प्रत्येक शब्दाने मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग हळूहळू मंडळी कमी झाली. जो तो आपापल्या फोनवर चित्रपट बघू लागला, मतंही तिथेच देऊ लागला. खोलीत औषधांची खोकी आली आणि मी माळ्यावर गेले. धुळीचं मला काही वाटलं नाही. अंधारात पडून राहणं हीच माझी लायकी आहे, असं मला वाटे.

त्या रविवारानंतर अकरा वर्षांनी कंपाउंडर नोकरीतून मोकळे झाले. खोली आवरताना मी सापडले. मला टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. ते मला घेऊन मिस्त्रींच्या कारखान्यात गेले. “तुमच्याच हातची आहे, राहू दे तुमच्याकडे,” म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मिस्त्री थकले होते. हात थरथरत होते, करवत आता पुतण्याच धरत असे. त्यांनी मला मांडीवर घेतलं, आत डोकावले आणि स्वतःशीच पुटपुटले, “पट्टी राहिलीच की मारायची.” मग पटाशी लावून आतली फळी उचकटली. खाली दोन चिठ्ठ्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, ‘चहात साखर कमी.’ मिस्त्री हसले. दुसरी त्यांनी उलगडली, खिडकीजवळ नेली आणि सावकाश वाचली.

‘हा चित्रपट मिस्त्रींचा आहे. यानाच्या दाराची बिजागरी मी ओळखली, आमच्या शाळेच्या कपाटाला त्यांनी तशीच बसवली आहे. मधलं वादळ फार लांबलं आहे, ते कापा. बाकी एका फळीलाही हात लावू नका. तो यंत्रमानव मेलेल्या माणसाला सकाळ कशी आहे ते सांगतो, तेव्हा मला चष्मा काढून पुसावा लागला. अंतराळाचे इतके चित्रपट पाहिले, पण हे कुणाला सुचलं नाही. मिस्त्री, दुसरा करा. सही करायची नसते हे मला माहीत आहे. पण हे कुणीतरी म्हटलं असं व्हायला नको, मी म्हटलं हे तुम्हाला कळायला हवं.’ आणि खाली नाव होतं: शाळेच्या बाई.

मिस्त्रींनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग चपला अडकवल्या, मला बगलेत मारलं आणि भर उन्हात बाईंच्या घरी गेले. बाईंनी दार उघडलं. मिस्त्रींनी चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“मला वाटलं, सही केली म्हणून कंपाउंडरनी फाडली,” त्या म्हणाल्या. “नियम मीच मोडला होता. कुणाकडे तक्रार करणार?”

“मला वाटलं, कुणालाच आवडला नाही.”

“मी येऊन सांगायला हवं होतं, मिस्त्री. दोन गल्ल्या तर होत्या मध्ये. लिहून टाकलंय ना, मग झालं आपलं काम, असं वाटलं मला. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिले.”

“तुमची काय चूक? फळी मीच ओली लावली.”

दोघं असं बोलत होते आणि मी मिस्त्रींच्या बगलेत शरमून चूर झाले होते. दोघांनीही दोष आपल्या अंगावर घेतला. माझ्याकडे बोट दाखवावं हे कुणाला सुचलंच नाही, आणि म्हणूनच मित्रांनो, आज मी स्वतः तुमच्यापुढे उभी राहिले आहे.

घरात बसल्यावर बाई म्हणाल्या, “आणा ना तो चित्रपट. आज परत बघू.”

मिस्त्रींनी मला खाली जमिनीवर ठेवलं. “नाही आता,” ते म्हणाले. “त्याच संध्याकाळी टेप चुलीत घातली, लाकूड चिकटवायचा सरस तापवतो त्या. यान फोडलं, त्याची मांडणी केली डब्यांसाठी. यंत्रमानवाचं स्टूल झालं. मलाही आता धड आठवत नाही, कोणत्या दृश्यानंतर कोणतं होतं ते.”

“मला आठवतं,” बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी नुसता अंधार, त्यात कडीचा आवाज. मग म्हाताऱ्याचे हात, त्यातल्या एका बोटाला चिंधी बांधलेली. मिस्त्री म्हणाले, “ते बोट खरंच कापलं होतं माझं.” बाई दृश्यामागून दृश्य सांगत गेल्या. वादळ आलं तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, “खरंच लांबलं होतं का हो?” “फार,” बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी मान डोलावली. शेवटी यंत्रमानव खिडकी उघडून काय म्हणतो, ते मिस्त्रींना काही केल्या आठवेना. ते शब्द त्यांनी स्वतः लिहिले होते. बाईंनी ते सांगितले, “आज बाहेर काही विशेष नाही. तुम्ही झोपा, मी आहे.”  बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला होता.

मिस्त्रींनी पुतण्याकडून मला नवी, चांगली वाळलेली फळी बसवून घेतली. आता माझ्यातून एक कागदही खाली जायचा नाही. पण माझ्यासारखीवर विसंबू नका, मित्रांनो. कुणाचं काही आवडलं, तर कागद बाजूला ठेवा, उठा, त्या माणसाच्या दारात जा आणि तोंडाने सांगा, आजच सांगा. त्या दिवशी मिस्त्री निघाले तेव्हा बाईंनी त्यांना पुन्हा तेच सांगितलं होतं, दुसरा करा म्हणून. मिस्त्रींनी आपले दोन्ही हात पुढे धरून त्यांना दाखवले. अकरा वर्षांपूर्वी ते हात थरथरत नव्हते.