ताईच्या किडनीचा वाढदिवस

सौरभदादाच्या पोटात पायलताईची किडनी आहे. माझी नाही. माझा ब्लड ग्रुप जुळला नाही.

तेव्हापासून ताई सासरहून धायरीला आली की आई हातातलं टाकून उठते. मटणातली नळी ताईला. मी रोज दादाचं पाणी उकळतो, थर्मासमध्ये भरतो. ते कुणाला दिसत नाही.

उन्हाळ्यापासून दादाच्या लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले. आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हेपटायटिस ई. खराब पाण्यातून होणारी कावीळ.

"आपल्याला झाली तर सहसा आपोआप जाते. यांची प्रतिकारशक्ती आम्हीच गोळ्यांनी दाबून ठेवलीय, किडनी टिकावी म्हणून. त्यामुळे व्हायरस मुक्कामाला राहिलाय. आता त्या गोळ्या थोड्या कमी करू."

"मग किडनी?" ताईनं विचारलं.

"शरीरानं नाकारायचा धोका वाढतो. लक्ष ठेवू."

ताईचा हात आपसूक कुशीवरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

"बाहेरचं पाणी, बर्फ, काही घेतलं होतं?"

"नाही," दादा म्हणाला. ताईकडे न बघता.

आईनं माझ्याकडे पाहिलं. पाणी उकळणारा मीच ना.

मला माहीत होतं. दर वर्षी ऑपरेशनच्या तारखेला ताई त्याला बाहेर नेते. किडनीचा वाढदिवस म्हणे. मला कधीच बोलावत नाहीत. यंदा मे महिन्यात, त्याच तारखेला, मी स्वारगेटच्या सिग्नलला बाईकवर होतो. समोर रसवंतीत दोघं, खिदळत. ग्लासात बर्फ. जिनं किडनी दिली तिला दादा ग्लास नको कसं म्हणणार?

एक वाक्य, की ताईचा सगळा मान खलास. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तीच रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मी..."

"मी नेलं होतं," मी मध्येच बोललो. "उसाचा रस. बर्फ घालून."

चांगुलपणा वगैरे नाही हां. किडनी तिची, वाढदिवस तिचा, आता आजारही तिचाच? एवढं तरी माझं असू दे.

"तिनं किडनी दिली, तू रोग दिलास!" आई फणकारली.

पार्किंगमध्ये दादानं मला गाठलं. मागोमाग ताई. "खोटं का बोललास? तू नव्हतासच तिथं."

"होतो. सिग्नलला."

मग ताईला म्हणाला, "किडनी टिकली तर पुढचा वाढदिवस घरी. हा चहा करेल."

"उकळून," मी म्हणालो.

ताईनं ओढणीनं नाक पुसलं. "साखर बेतानं टाक. मागच्या वेळी पाक केला होतास."